अनवाणीचा आग्रह कोणासाठी?

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत लेझीम पथकातील मुलामुलींनी अनवाणीच असावे, नऊवारीखाली पांढरे कापडी बूट दिसणे हा संस्कृतीचा उपहास आहे, अशा आशयाचे एक टिपण या पत्रिकेच्या मागील अंकात प्रसिद्ध झाले. टिपणकार माझे जुने स्नेही आहेत आणि त्यांच्या मराठीप्रेमाविषयी शंका घेण्याचे पाप माझ्या हातून घडणार नाही. टिपण केवळ टिपणच राहिले असते तर मीही ते वाचून बाजूला ठेवले असते. परंतु उपसमितीने त्याच धर्तीचा ठराव केला असून येत्या पाडव्यापासून तो अंमलात यावयाचा आहे, असे कळले. ठराव म्हटला की माझ्यासारख्या माणसाचे कान टवकारतात. उभे आयुष्य शासकीय सेवेत ठराव लिहिण्यात, वाचण्यात आणि गुंडाळून ठेवण्यात गेल्यामुळे कोणत्या ठरावाचा भार अखेर कोणाच्या अंगावर पडतो, एवढे मला थोडेफार समजते. या ठरावाचा भार पडतो तो बारा-चौदा वर्षांच्या मुलींच्या तळव्यांवर.

गेल्या पाडव्याला काय घडले ते आधी सांगतो. यात्रा सकाळी सात वाजता निघणार होती. ती निघाली सव्वानऊला, कारण पाहुणे यायचे होते, आणि पाहुणे आल्यावर त्यांची भाषणे व्हायची होती. पथकाला शिकविणाऱ्या बाईंनी मुलींना पायांतले काढून पिशवीत ठेवायला सांगितले होते. चैत्रातले आदिलाबादचे ऊन मी वाचकांना समजावून सांगावे असे नाही. हवेत चाळीस अंश असले की उन्हात पडलेले डांबर साठीच्या घरात जाते. यात्रा मंदिरापाशी विसर्जित झाली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. माझी नात सातवीत आहे. ती घरी आली, मुकाट्याने मोरीत गेली आणि पाय पाण्याखाली धरून बसली. दोन्ही चवड्यांना फोड आले होते. "बूट का नाही घातलेस?" असे विचारले तर म्हणाली, "आजोबा, देवाच्या कामात पायांकडे बघायचं नसतं."

हे वाक्य तिला कोणी शिकवले हे मला ठाऊक आहे, आणि शिकविणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता हेही ठाऊक आहे. पण वाक्य खोटे आहे. आपल्या लोकांनी देवाच्या कामात पायांकडे फार बारकाईने पाहिलेले आहे. देहूहून आणि आळंदीहून आषाढीला ज्या पालख्या निघतात, त्यांत मूर्ती नसतात, पोथ्या नसतात, पादुका असतात. रामाच्या नावाने अयोध्येचे सिंहासन चौदा वर्षे पादुकांनी सांभाळले. पायतणाला डोक्यावर घेणारी ही परंपरा पायतणाला विटाळ मानते, असे म्हणणाऱ्याने ती नीट पाहिलेली नाही. आणि वारीत चालणारे लाखो लोक काय करतात? काही नेमाने अनवाणी चालतात. तो त्यांचा नवस किंवा निश्चय असतो. बाकीचे चपला घालून चालतात, कीर्तनाला उभे राहताना त्या बाजूला काढतात आणि कीर्तन संपले की पुन्हा घालतात. चपला घातल्या म्हणून कोणाला दिंडीबाहेर काढल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. अनवाणी पाय ही एकट्या पायाची गोष्ट नव्हे. ती पाय आणि जमीन यांच्यातली बोली आहे. ज्या नाचांत आपले पूर्वज अनवाणी उतरले, त्या नाचांना जमीनही तशीच होती, ऋतू तसा होता, प्रहर तसा होता. जमीन आम्ही बदलली, प्रहर पाहुण्यांच्या सोयीने ठरविला, आणि आता पायाने मात्र जुन्या कराराला जागावे, असा आग्रह धरतो. ही एकतर्फी बोली आहे.

याचा सर्वांत चांगला दाखला आपल्या जिल्ह्यातच आहे, आणि तो आपल्या मंडळाच्या लोकांना दरवर्षी दारात पाहायला मिळतो. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास गोंडांची दंडारी सुरू होते आणि दिवाळीनंतर संपते. डोक्यावर मोरपिसांचा भव्य टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडे, हातात दंड, कमरेला व पायांत घुंगरू असा घुसाडी गावोगाव फिरतो. एका गावची दंडारी दुसऱ्या गावी पाहुणी जाते, रात्रभर राहते, गुमेला आणि डप्पू वाजतात, पेप्र्याचा सूर निघतो, आणि गावच्या पटांगणात घुसाडी अनवाणी नाचतो. मार्लवाईचे कनक राजू यांनी हा नाच शेकडो मुलांना शिकविला, दिल्लीपर्यंत नेला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्यापैकी अनेकांना त्यांचे नाव प्रथमच कळले, हे कबूल करायला हवे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, नेमके दंडारीच्या दिवसांत, ते गेले.

आता त्या नाचाचे वेळापत्रक पाहा. पाऊस संपलेला असतो. जमीन अजून ओल धरून असते, पण चिखल गेलेला असतो. पिके उभी असतात, थंडी नुकतीच पावले टाकू लागलेली असते. आदिलाबादच्या वर्षातले हे सर्वांत सुखाचे पंधरा-वीस दिवस. पटांगण मातीचे, पायाच्या दणक्याने किंचित दबणारे आणि पुन्हा वर येणारे. नाच बहुतेक सायंकाळी आणि रात्री. अशा जमिनीवर अनवाणी पाय हा कष्ट नसून सुख आहे. तळवा जमीन चाचपतो, टाच ठोका देते, घुंगरांचा आवाज मोकळा निघतो. तिथे बूट घालणारा वेडाच.

नागोबाच्या जत्रेचे पाहा. केस्लापूरच्या नागोबाची महापूजा पुष्य अमावास्येला असते. तिच्यासाठी गोदावरीचे पाणी आणायला मेस्राम कुळातील लोक पांढऱ्या वस्त्रांत, अनवाणी, जन्नारमकडील कलमडुगूजवळच्या हस्तिनामडुगूपर्यंत चालत जातात. कित्येक दिवसांची ही पायपीट आहे. पण ती ऐन हिवाळ्यात आहे, ती त्यांच्या कुळाची आहे, आणि तिचे नियम त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ठरविलेले आहेत. वाटेवर टाळ्या वाजवीत उभ्या असलेल्या कोणा समितीने नव्हेत.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला आजवर धजलो नव्हतो. १९९० च्या दशकातील एका मे महिन्यात, मी ज्या कार्यालयात होतो त्या भागात एका मोठ्या पाहुण्यांचा दौरा ठरला. स्वागताच्या व्यवस्थेतील एक भाग माझ्याकडे होता. "स्थानिक संस्कृती दिसली पाहिजे," असा तोंडी आदेश होता. म्हणून एका गुड्यातून वीस-बावीस घुसाडी लॉरीत घालून आणले. पाहुणे सकाळी दहाला येणार होते, ते आले अडीचला. प्रवेशद्वारापासून मंडपापर्यंत लाल गालिचा अंथरला होता. त्याच्या दोहों बाजूंना, डांबरावर, नर्तक उभे केले होते. बाराच्या सुमारास त्यांच्यातला एक वृद्ध माझ्याकडे आला आणि पाहुणे येईपर्यंत तरी चपला घालू द्या, असे म्हणाला. मी नाही म्हणालो. गाड्या कोणत्याही क्षणी येतील, आणि छायाचित्रात मोरपिसांच्या टोपाखाली रबरी चपला बऱ्या दिसणार नाहीत, असे मला वाटले. मी स्वतः बूट-मोजे घालून होतो आणि छत्रीखाली होतो.

नाच झाला. पाहुणे गालिच्यावरून चार मिनिटांत आत गेले. नंतर तो वृद्ध कडुनिंबाखाली बसून तांब्याने तळव्यांवर पाणी ओतताना दिसला. मी जवळ गेलो, काहीतरी बोलायचे म्हणून बोललो. आपल्याकडचे गोंड आपल्याहून बरी मराठी बोलतात, हे वाचक जाणतात. तो म्हणाला, "साहेब, आमचा नाच दिवाळीचा. तुम्ही त्याला उन्हाळ्यात बोलावला. तो आला. आता पायांनी काय करावं?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी त्याला प्रवासभत्त्याच्या कागदावर अंगठा करायला सांगितले.

ज्यांना माझा हा लेख बंडखोर वाटेल त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, उपसमितीने आज जो ठराव केला आहे तो मी तीस वर्षांपूर्वीच तोंडी अंमलात आणलेला आहे. त्यामागची बुद्धी मला आतून परिचित आहे. ती बुद्धी संस्कृतीची नसते. ती छायाचित्राची असते.

आणखी एक गोष्ट. ती काही वाचकांना अप्रिय वाटेल, पण त्यावाचून हा विषय पुरा होत नाही. आपल्या भागात अनवाणी पायाला भक्तीचा अर्थ आहे तसा दुसराही एक अर्थ आहे. गढीसमोरून, वाड्यासमोरून, पाटील-पटवाऱ्याच्या ओट्यासमोरून जाताना पायांतले हातात घ्यायचे, ही रीत निजामाच्या राज्यात तेलुगू मुलखात होती तशी मराठी मुलखातही होती. तेलंगणातल्या शेतकऱ्यांनी दोरांविरुद्ध लढा दिला तो जमिनीसाठी आणि वेठीविरुद्ध दिला हे खरे. पण चप्पल घालून ताठ मानेने रस्त्याने जाण्याचा हक्क ही काही लहान गोष्ट नव्हती. माझ्या आजोबांच्या घराचा ओटा रस्त्याला लागून होता. वडील सांगत की, त्यांच्या लहानपणी काही माणसे त्या ओट्याच्या अलीकडे वाकून चपला हातात घेत आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा घालीत. ती माणसे आमचा फार आदर करतात, असे घरात मानले जाई. पुढे मी कार्यालयात खुर्चीवर बसू लागलो, तेव्हाही खेड्यातून येणारा माणूस दाराबाहेर चपला काढूनच आत येई. तशी पाटी कुठेही नव्हती. वकील, कंत्राटदार, पुढारी बूट वाजवीत येत. मी एकदाही कोणाला "राहू द्या, घालून या" असे म्हटले नाही, सुचलेच नाही.

म्हणून, बूट घातलेला माणूस अनवाणी माणसाला जेव्हा "तुझे अनवाणी असणे किती सुंदर आहे" असे म्हणतो, तेव्हा मला त्या ओट्याची आठवण होते. यात्रेत पाहा: समितीचे आम्ही सर्व जण चपला-बुटांत, फेटे बांधून, कडेच्या सावलीतून चालतो. उन्हातून मधोमध अनवाणी चालतात त्या मुली. अनवाणी असणे हे पुण्यकर्म असेल तर पहिला मान अध्यक्षांचा हवा, दुसरा सचिवांचा. तसे एक उपकलम ठरावात घातले तर मी माझा विरोध मागे घेईन.

"भारतीय नृत्य म्हटले की अनवाणीच" असे एक विधान टिपणात आहे. ते अर्धेच खरे आहे. भरतनाट्यम्, कुचिपुडी, ओडिसी, कथक अनवाणीच आहेत, हे खरे. पण पंजाबात भांगडा जुत्ती घालून खुशाल चालतो. लडाखच्या थंडीत लोकरी-नमद्याचे जाड बूट घालून नाचतात. तिथे अनवाणी नाचायला सांगणे म्हणजे बोटे गमवायला सांगणे. गोव्यात सासष्टीच्या जुन्या ख्रिस्ती घरांत मांडो नाचताना बायका तोरोप-बाज नेसून पायांत मोजे आणि चिनेल घालीत, कारण तो दिवाणखान्यातला नाच, लाकडी वा फरशीच्या जमिनीवरचा, आणि त्याच्या सरकत्या पावलाला ते हलके पायताणच साजे. त्याच गोव्यात फुगडी आणि धालो मातीच्या मांडावर अनवाणी होतात. एकच मुलूख, दोन जमिनी, म्हणून दोन पाय. युरोपातही हेच दिसते. स्पेनच्या फ्लेमेंकोत बुटाच्या टाचेला आणि पुढच्या टोकाला बारीक खिळे ठोकलेले असतात, कारण ताल तिथून निघतो. तो बूट म्हणजे वाद्यच. बॅलेतील नर्तकीचा बूट टोकाशी कापडाचे थर चिकटवून कडक केलेला असतो. १८३२ साली पॅरिसमध्ये मारी तालिओनी 'ला सिल्फीद' या नृत्यनाट्यात चवड्याच्या टोकावर तरंगली आणि पुढची शंभर वर्षे त्या बुटाने बॅलेवर राज्य केले. विसाव्या शतकाच्या आरंभी इसाडोरा डंकन हिने तोच बूट फेकून अनवाणी नाचायला सुरुवात केली, तेव्हा सभ्य लोक हादरले. तिथे अनवाणी होणे हे बंड ठरले. आपल्याकडे बूट घालणे बंड ठरते. बंड कशाला म्हणायचे हे त्या त्या ठिकाणचे वडीलधारे ठरवितात, एवढाच याचा अर्थ.

आता उलट बाजूच्या उत्साही मंडळींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण बुटांची वकिली करताना मला त्यांच्या पंगतीत बसायचे नाही. शाळांच्या स्नेहसंमेलनांत हल्ली सगळ्याच नाचांना एकसारखे पांढरे बूट चढवितात. हेही अज्ञानच. कथकातील तत्कार तळव्याने उमटतो. पूर्ण तळवा जमिनीवर सपाट पडल्याखेरीज तो बोल निघत नाही, आणि घोट्यावरचे शंभर-शंभर घुंगरू त्या आघाताने बोलतात. रोहिणी भाटे यांनी पुण्यात १९४७ साली 'नृत्यभारती' काढून मराठी मध्यमवर्गीय घरांत कथक आणले, त्या नाचाच्या मुळाशीच हा तळवा आहे. तिथे रबरी तळाचा बूट घातला तर आवाज मरतोच. शिवाय चक्कर घेताना तो तळ जमिनीला धरून ठेवतो, शरीर फिरते आणि पाय फिरत नाही, मग गुडघा मुरगळतो. कुचिपुडीतील तरंगम् पितळी ताटाच्या कडेवर उभे राहून करतात. पायाच्या बोटांनी ती कड धरायची असते. तिथे पादत्राण म्हणजे अपघात. लावणीचेही तसेच. चाळ बांधलेला पाय बोर्डावर पडतो तेव्हा ढोलकीला उत्तर देतो. तमाशाच्या रंगमंचाला 'बोर्ड' म्हणतात ते उगाच नव्हे. फळ्यांची ती जमीन दणका झेलते आणि नादही देते. फळ्यांखाली पोकळी असते, म्हणून घोटा वाचतो. थेट सिमेंटवर तासन्‌तास उड्या मारायला लावले तर अनवाणी असो की बुटात, नडग्या दुखणारच.

याचा अर्थ असा की, प्रत्येक नाच आपल्या जमिनीसह येतो. लावणीला बोर्ड, कथकाला सभागृहाची गुळगुळीत फरशी वा लाकूड, घुसाडीला पटांगणाची माती. आणि लेझमीला? लेझीम तालमीतली. हौद्याच्या लाल मातीत घाम गाळणाऱ्या पोरांनी ती हाती घेतली, मग ती शाळेच्या मैदानावर आली. ती मुळात व्यायाम आहे. वाकणे, बसणे, उडी, गिरकी, पुन्हा वाकणे. तिच्यात ताल लोखंडी साखळीतून आणि चकत्यांतून निघतो, तळव्यातून नव्हे. म्हणजे पायात कापडी बूट आला म्हणून लेझमीचे काहीच बिघडत नाही. ज्या नाचात पादत्राणाने खरोखर काही हरवत नाही, नेमका तोच नाच आपण अनवाणी करायला निघालो आहोत, आणि तोही डांबरावर.

कोणी म्हणेल, बूट नकोत तर कोल्हापुरी घाला, शोभेलही. शोभेल खरी. पण साध्या कोल्हापुरीला मागे बंद नसतो. पहिल्याच उडीला एक चप्पल पायात आणि दुसरी मागच्या मुलीच्या पायाखाली असेल. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता मांडल्या, तेव्हा आपल्या मंडळातही केवढा संताप झाला होता. निषेधाच्या पत्रावर मीही सही केली. चप्पल हा आमचा वारसा आहे, असे त्या पत्रात आम्ही लिहिले होते. नऊ महिने उलटायच्या आत तोच वारसा पिशवीत घालून ठेवायचा ठराव होतो, याची मौज वाटते.

'नाटु नाटु'चाही उल्लेख टिपणात आला आहे. कोमरम भीमाच्या भूमीत भीमाला चामड्याचे बूट घालून नाचविले, आणि जगाने त्याला ऑस्कर दिले, ही विटंबना आहे, असे टिपणकार म्हणतात. चित्रपटातील भीम आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांशी लढताना पडलेला भीम यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य नाही, हे मान्य. तरी त्या गाण्याचा प्रसंग पाहावा. युक्रेनमधील कीव्ह येथल्या राजवाड्यासमोर २०२१ साली ते चित्रित झाले. गोऱ्या साहेबांच्या मेजवानीत, त्यांच्याच पोषाखात आलेल्या दोन देशी माणसांना नाच येत नाही असे हिणविले जाते, आणि ते दोघे साहेबांचेच बूट साहेबांच्या अंगणात असे आपटतात की धूळ उठते आणि साहेब दमून बसतात. तिथे बूट काढून नाचले असते तर साहेबांना तेच हवे होते. गंमत अशी की, गाण्याच्या शब्दांत करकरणाऱ्या चपला घालून लाठी फिरविण्याचाही उल्लेख आहे, तेव्हा पादत्राणाशी गीतकाराचे काही वैर नसावे. मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळाल्यावर आमच्या गल्लीतली सगळी पोरे बूट घालून महिनाभर धूळ उडवीत होती. दुपारची झोप गेली, पण कोणाचे पाय पोळले नाहीत.

या आग्रहाचे मूळ वेगळे आहे, आणि त्याविषयी मला सहानुभूतीच आहे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा राजुरा आणि किनवट आदिलाबादेतून तिकडे गेले, मुधोळ-भैंसा नांदेडातून इकडे आले, आणि आपण जिथे होतो तिथेच राहून परप्रांतीय झालो. पैनगंगेच्या पलीकडचे आप्त आपल्याला 'तिकडचे' म्हणू लागले आणि इकडचे शेजारी आपल्याला 'मराठीवाले' म्हणू लागले. २०१४ साली राज्य बदलले, २०१६ साली जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आपली मुले तेलुगू वा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी शाळांच्या वर्गांत बाके रिकामी आहेत. अशा वेळी वर्षातून एकदा निघणारी यात्रा तरी 'शुद्ध' असावी, पुण्या-ठाण्याच्या लोकांनी छायाचित्र पाहून नाव ठेवू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. पुण्या-ठाण्याच्या यात्रांत मुली बूट घालून, गॉगल लावून, मोटारसायकलवर बसून येतात, ही गोष्ट वेगळी. पण शुद्धतेची ही कसोटी आपण स्वतःच्या कोणत्या गोष्टीला लावतो? भाषेला लावीत नाही. कार्यकारिणीच्या बैठकीतले माझे स्वतःचे मराठी ऐकले तर उर्दू, तेलुगू, इंग्रजी यांचा काला असतो. वेळेला लावीत नाही. भाषणांच्या लांबीला तर मुळीच लावीत नाही. ती लागते मुलींच्या पायांना, कारण त्या उलट बोलत नाहीत. पुढच्या वर्षी त्या येत नाहीत, इतकेच. यंदा पथकासाठी नावे किती आली आहेत, हे उपसमितीने पत्रिकेत छापावे.

मला ठरावावर नुसता आक्षेप घेऊन थांबायचे नाही. सवयीप्रमाणे पर्यायही देतो. यात्रा खरोखर अनवाणी हवी असेल तर ती सूर्योदयाला काढा आणि आठच्या आत संपवा; पाहुणे उशिरा आले तर गुढी त्यांची वाट पाहील, मुली पाहणार नाहीत. वाटेवर लेझमीचे मुक्काम ठरवून तिथे आदल्या संध्याकाळी माती टाकून पाणी मारून ठेवा. नगरपालिकेचा टँकर अर्ज केल्यास मिळतो, अर्ज मी लिहून देतो. आणि मधल्या चालीत ज्याला जे घालायचे ते घालू द्या. मंदिरापाशी शेवटचा खेळ अनवाणी करायची कोणा मुलीची इच्छा असेल तर तिने करावा. तिथे वडाची सावली आहे. ज्या मुलीला संपूर्ण वाट अनवाणी चालायची आहे, तिलाही अडवू नये. फक्त ते तिने ठरवावे, बाईंनी नव्हे. टिपणकारांना नऊवारीखाली पांढरा रंग खुपत असेल तर तपकिरी कापडी बूट मिळतात. मी बाजारात चौकशी केली आहे; शाळेच्या दुकानात आहेत, महाग नाहीत. ज्या घरांना तेवढेही जड वाटेल त्यांचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून देण्याची तयारी आहे, आणि त्याची पावती मला नको.

घुसाडींनाही यात्रेत बोलवावे, अशी एक सूचना चर्चेत आहे, असे ऐकतो. माझी हात जोडून विनंती आहे, चैत्रात बोलावू नये. त्यांचा टोप, त्यांचे दंड, त्यांची वाद्ये यांची पूजा त्यांच्या तिथीला होते. आपल्या तिथीला ते शोभेसाठी मागविणे बरे नव्हे. त्यापेक्षा आपणच आश्विनात एका संध्याकाळी त्यांच्या गुड्याला जावे. पटांगणात बसायला जागा देतात, चहाही देतात. मी गेली काही वर्षे जातो. तो वृद्ध आता नाही. त्याचा नातू नाचतो. दोन गावांच्या मधल्या खडीच्या वाटेवर तो पायांत स्पोर्ट्स शूज घालून चालतो, पटांगणाच्या कडेला ते काढून ओळीने ठेवतो आणि मग आत उतरतो. त्याला हे कोणी शिकविलेले दिसत नाही.

ठराव कायम करण्यासाठी उपसमितीची बैठक पुढील महिन्यात सभागृहात आहे. निमंत्रण नसले तरी मी येणार आहे. बैठकीला सतरंजी असते, वर पंखा असतो, फरशी थंड असते; चपला अर्थातच दाराशी काढीन.